रिकाम्या काचेवरची लहर

३ फेब्रुवारी

छकुले,

या नावाने तुला आता कोणी हाक मारत नसेल. विभागप्रमुख बाईंना छकुली म्हणायची छाती कोणाची आहे? माझी आहे. तुझ्या वेण्या मी घातल्यात, त्यामुळे तुझ्या पदाचा माझ्यावर काडीचा परिणाम होत नाही.

सहा वर्षांनी लिहितेय तर खुशाली विचारायला हवी. विचारत नाही. तुझी खुशाली पेपरात छापून आली आहे, फोटोसकट. आईने तो फोटो कापून फ्रिजच्या दारावर लावलाय. चुंबकाने. तिला बिचारीला चुंबकाचं काही माहीत नाही. तुला आणि मला आहे.

‘इलेक्ट्रॉनची लहर पकडणारी संशोधक’ असा मथळा आहे. आईने विचारलं, म्हणजे तिने नक्की केलं काय? मी सांगितलं, एक पातळ पापुद्रा घ्यायचा. लेसरचा एक झोत मारून त्याच्यातले इलेक्ट्रॉन हलवायचे. मग दुसरा झोत किंचित उशिरा पाठवायचा आणि ते कसे हलले ते बघायचं. हा उशीर थोडा थोडा वाढवत न्यायचा.

“किंचित म्हणजे किती?” आई म्हणाली.

“प्रकाशाला केसाची जाडी ओलांडायला जेवढा वेळ लागतो ना, त्याच्याही दहाव्या भागाइतका.”

“अगं बाई, एवढ्याशा वेळात कोण काय करणार?”

“छकुली नाव कमावते,” मी म्हटलं.

ती हसली. मी नाही.

बातमीत लिहिलंय की दर सत्तावीस फेमटोसेकंदांनी इलेक्ट्रॉन डोलतात हे तू जगात पहिल्यांदा दाखवलंस. वा. तो उशीर घडवणारा आरसा कोणी बसवला होता, हे काही लिहिलेलं नाही. नसू दे. माझं नाव नको आहे मला तिथे. का नको, ते तुला लवकरच कळेल.

माझी वही माझ्याकडे आहे. तुमच्या कचेरीने माझं कपाट रिकामं केलं तेव्हा सगळं ठेवून घेतलं, पण ती वही अपघाताच्या दिवशी माझ्या हातात होती आणि माझ्याबरोबर दवाखान्यात आली. तिच्यातलं एक पान मी तुला तेव्हाच दाखवलं होतं. तू ढुंकूनही बघितलं नाहीस. आता ते तुझ्या पुरस्काराच्या मंडळाला दाखवणार आहे. समारंभ दहा एप्रिलला आहे ना? साडी घेऊन ठेव. नेसायला मिळेल की नाही, ते सांगता येत नाही.

ताई


२० फेब्रुवारी

छकुले,

मला पत्र लिहायची तुझी हिंमत झाली नाही, म्हणून आईच्या फोनवर निरोप पाठवलास. “ताईला विचार, कुठलं पान?” आई चष्मा शोधत माझ्याकडे आली आणि म्हणाली, “अगं, ती पान मागतेय. कसलं पान?” आईला मध्ये घालू नकोस. तिला वाटतं आपलं भांडण तुझ्या लग्नात मी आले नाही म्हणून आहे. तिला तसंच वाटू दे.

पानाकडे येते. आधी दुपारी सव्वादोनला काय झालं ते लिहिते. तुझ्या डोक्यात आता समितीपुढे सांगितलेली गोष्टच पक्की बसली असेल, आणि खरी गोष्ट कुठेतरी कागदावर राहायला हवी.

प्रयोगशाळेचं दार उघडलं की लेसर आपोआप झाकला जातो. दाराला तसा सेन्सर आहे. लेसर चालू असेल तर दारावरचा लाल दिवा लागतो आणि माणूस गॉगल घालूनच आत जातो. पण लेसर एकदा झाकला गेला की पुन्हा स्थिर व्हायला पाऊण तास लागतो, आणि तुला घाई होती. तू सेन्सरवर चुंबक चिकटवलास. दार उघडलं काय, मिटलं काय, सेन्सरला ते बंदच वाटायचं. दिव्याचीही तार तू काढून ठेवलीस, कारण दिवा बघून सगळे उगाच दारावर टकटक करत होते. मला यातलं एक अक्षर सांगितलं नाहीस. त्या खोलीची सुरक्षा माझ्याकडे होती, छकुले. माझ्याकडे.

दिवा बंद बघून मी आत आले. तू टेबलाशी उभी होतीस, गॉगल घालून. मी म्हटलं, “ऐक ना, एक गंमत दाखवते.” तू वळलीस आणि तुझ्या हातातला आरसा वळला. तो झोत डोळ्याला दिसत नाही. मला फक्त टप्प असा आवाज आला, डोळ्याच्या आत. बुडबुडा फुटावा तसा. दुखलंही नाही. मग तुझ्या चेहऱ्याच्या जागी एक करडा डाग आला, आणि तो अजून तिथेच आहे. मी डाव्या डोळ्याने ज्याच्याकडे बघते त्याचा चेहरा जातो, कान तेवढे राहतात.

तुझंही शेवटचं जे डाव्या डोळ्याने पाहिलं, ते कानच.

समिती तिसऱ्या दिवशी आली. तोपर्यंत चुंबक गेला होता आणि दिवा छान जळत होता. टाय लावलेल्या उपसंचालकांनी तुला विचारलं आणि तू सांगितलंस, “दिवा चालू होता. ताईला गॉगलशिवाय यायची सवय आहे. मी कितीदा सांगितलंय.”

कितीदा सांगितलंय! हे दोन शब्द मी सहा वर्षं उशाशी घेऊन झोपते आहे.

माझ्या कागदावर ‘निष्काळजीपणा’ लिहून मला घरी पाठवलं. आता मी सूक्ष्मदर्शकं दुरुस्त करते. त्याला एक डोळा पुरतो.

ताई


१४ मार्च

छकुले,

गुरुवारी तू आलीस. आपण काय बोललो ते तुला परत लिहून पाठवते, कारण तुझी आठवण तुझ्या सोयीने चालते.

तू कारखान्याच्या दारात उभी राहिलीस तेव्हा मी एका शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून कोणीतरी चिकटवलेलं च्युइंगगम काढत होते. मालक म्हणाले, “बाई, गिऱ्हाईक आलंय.” मी म्हटलं, “गिऱ्हाईक नाही, बहीण आहे.” ते लगेच बाहेर गेले. शहाणा माणूस.

तू बारीक झाली आहेस. हे मी तिथे म्हटलं नाही.

वही मागितलीस. मी पान उघडून समोर ठेवलं आणि हात वहीवरच ठेवला. तू वाकून वाचलंस. किती वेळ वाचत होतीस! वर बघितलंस तेव्हा तुझा रंग उडाला होता.

“हे रिकाम्या चकतीवर मोजलंयस?”

“हो. पापुद्रा नाही, काही नाही. नुसती सफायरची काच.”

“आणि तरी लहर?”

“तीच. दर सत्तावीस फेमटोसेकंदांनी.”

“पण मी रिकामी चकती मोजली होती, ताई. सरळ रेघ आली होती.”

“तू उशीर मोठ्या पावलांनी वाढवत मोजलंस. तुझ्या दोन पावलांच्या मध्ये लहर बसून होती. मी बारीक पावलं टाकली.”

मग तुला कळलं. मला वाटलं होतं समजावून सांगावं लागेल, पण हुशार तू पहिल्यापासून आहेस. आरसा सरकवणारी ती मोटर सुरवंटासारखी चालते. पकड, सरक, सोड. एकेक पाऊल चार मायक्रॉनचं. दर पावलाला आरसा किंचित डुलतो, झोत जरासा बाजूला पडतो आणि उजेड कमीजास्त होतो. चार मायक्रॉन जायचे नि चार यायचे, म्हणजे बरोबर सत्तावीस फेमटोसेकंद. इलेक्ट्रॉन डोलतच नव्हते. तू सहा वर्षं एका मोटरची चाल मोजलीस आणि तिच्यावर भाषणं दिलीस.

तू स्टुलावर बसलीस. आणि मग म्हणालीस, “ताई, हे पान तू मला कधीच दाखवलं नाहीस.”

“दाखवलं.”

“आईची शपथ घेऊन सांग.”

मी घेतली नाही.

बरं. आता लिहूनच टाकते. तीन फेब्रुवारीच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुला पान दाखवलं नव्हतं. दाखवायलाच तर येत होते त्या दुपारी. “एक गंमत दाखवते” म्हटलं ना, ती हीच. मोटर बदलू, मी तुला मदत करेन, आपण पुन्हा मोजू, असं सगळं मनात घेऊन आत आले होते. मग तो टप्प आवाज झाला.

तरी दवाखान्यातून सांगता आलं असतं. तू निबंध चार महिन्यांनी छापलास. चार महिने वही माझ्या उशीखाली होती. सुरुवातीला रोज ठरवायची की उद्या सांगू. पण समितीपुढचं तुझं बोलणं कानावर आलं आणि त्या दिवसापासून ठरवणं बंद केलं. म्हटलं, चढू दे हिला. जितकी वर चढेल तितकं बरं. तुझ्या प्रत्येक बातमीचं मी कात्रण ठेवलंय. आईला वाटतं कौतुकाने.

तू विचारलंस, “का नाही सांगितलंस?”

मी विचारलं, “तू दिव्याचं का नाही सांगितलंस?”

“भीती वाटली.”

“मला राग आला. झाली की फिटंफाट.”

जाताना म्हणालीस, “दोन आठवडे दे. मला स्वतः मोजून बघू दे.” मी म्हटलं, माझ्या डोळ्यासाठी तुला दोन मिनिटं खरं बोलता आलं नाही, मी का देऊ? तू स्टूल जागेवर सरकवलंस. रडली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

पाकीट तयार आहे. त्यात वहीच्या पानाची प्रत आहे, चुंबकाची हकीगत आहे, सगळं आहे. समारंभाच्या आदल्या आठवड्यात पोचेल असं टाकणार आहे. मंडळाला धावपळ करायला वेळ मिळायला नको आणि तुला सारवासारव करायला.

ताई


६ एप्रिल

छकुले,

हे तू काय केलंस?

मंडळाचं उत्तर आलं. माझ्या पाकिटाबद्दल आभार मानलेत. आभार! ‘तथापि संबंधित संशोधिकेने आपला शोधनिबंध तीन दिवसांपूर्वीच स्वतःहून मागे घेतला असून पुरस्कारही नाकारला आहे.’ सोबत तुझ्या निवेदनाची प्रत.

ती मी उभ्याउभ्याच वाचली. नवी मोटर लावून मोजलंस. लहर गेली. तसं लिहिलंस. पुढे लिहिलंस की ही चूक तुझ्या ताईला सहा वर्षांपूर्वीच सापडली होती. आणि शेवटच्या परिच्छेदात चुंबक, दिवा, समितीपुढचं खोटं, सगळं. ‘माझ्या बहिणीच्या डोळ्याला मी जबाबदार आहे.’ साधं, स्वच्छ वाक्य. मला इतकं चांगलं लिहिता आलं नव्हतं. मी चार पानं लिहिली होती.

लोक काय म्हणताहेत ठाऊक आहे? केवढा प्रामाणिकपणा! कालच्या पेपरात तुझ्या धैर्याबद्दल रकाना आलाय. आईने तोही कापला.

सहा वर्षं, छकुले. सहा वर्षं मी एकच गोष्ट सांभाळून ठेवली होती. माझी नोकरी गेली, डोळा गेला, पण ते एक माझं होतं. तू हरशील आणि ते माझ्या हातून होईल, एवढंच. तेही तू उचललंस आणि खाली स्वतःची सही केलीस. माझं मोजमाप वापरलंस, माझा आरसा वापरलास, आणि आता माझा सूडसुद्धा तूच घेतलास. माझ्यापेक्षा नीट घेतलास.

लहानपणी माझं चित्र तू पूर्ण करायचीस आणि शाबासकी तुला मिळायची. तेव्हा तुला एक चापट देता यायची.

मला लिहू नकोस.

ताई


२८ एप्रिल

छकुले,

लिहू नकोस म्हटलं आणि मीच लिहितेय. दुसरं कोणाला हे सांगणार?

परवा एका बाईंचं पत्र आलं. लांबच्या प्रयोगशाळेत होत्या. होत्या म्हणजे आता नाहीत. तुझा निबंध वाचून त्यांनी तीच लहर शोधायला घेतली. तीन वर्षं शोधली. चांगली मोटर, चांगला लेसर, चांगला पापुद्रा. दर वेळी सरळ रेघ. त्यांचे साहेब म्हणायचे, तिकडे दिसतंय ते तुम्हाला दिसत नाही म्हणजे तुमचा हात वाईट आहे. शेवटी बाईंनाही तसंच वाटायला लागलं. त्यांनी काम सोडलं. आता त्या एका कंपनीत चष्म्याच्या काचा तपासतात.

पत्रात ओरडा नाही. फक्त एक प्रश्न आहे. ‘तुमच्या बहिणीच्या निवेदनात लिहिलंय की तुम्हाला हे आधीच माहीत होतं. तुम्ही सांगितलं का नाही?’

चार वेळा उत्तर लिहायला बसले. पहिल्यात तुझ्याबद्दल लिहिलं. दुसऱ्यात डोळ्याबद्दल. तिसऱ्यात समितीबद्दल. तिन्ही फाडली, कारण तिन्ही वाचून ती बाई विचारणार, बरं, पण यात माझा काय संबंध?

आणि तिचा खरंच काही संबंध नव्हता. ती माझ्या बापजन्मात मला भेटलेली नाही. तुझा चुंबक मला दिसत नव्हता तशी माझी वही तिला दिसत नव्हती. ती दार उघडून आपली आत आली, सगळं सुरक्षित आहे असं समजून.

चौथ्यांदा लिहिलं, ‘मला बहिणीवर सूड उगवायचा होता. मध्ये कोणी असेल असा विचार केला नाही.’ तेवढंच पाठवलं.

याने तुझं ओझं हलकं झालं असं समजू नकोस. तुझं तुझ्याकडे, माझं माझ्याकडे.

ताई


१८ सप्टेंबर

छकुले,

तुला कळलं असेलच, तरी माझ्याकडून ऐक.

जुलैमध्ये चौकशी पुन्हा झाली. मला बोलावलं. टाय तोच होता, उपसंचालक आता संचालक झालेत. मी सगळं सांगितलं. तुला सांभाळून घेतलं नाही. एक शब्द वाढवलाही नाही, आणि वाढवायचा मोह फार झाला होता. माझ्या कागदावरचं ‘निष्काळजीपणा’ खोडलं. तुझं प्रमुखपद गेलं आणि दोन वर्षं कुठल्याही लेसरच्या खोलीत जायला तुला बंदी झाली. बाहेर येऊन मी एक कप चहा घेतला. तो संपेपर्यंत फार छान वाटत होतं. कप खाली ठेवला आणि संपलं.

मग संचालकांनी विचारलं, यंत्र पुन्हा लावून द्याल का? तुमच्याशिवाय कोणाला जमत नाही. मी म्हटलं, एका अटीवर. मोजायला त्या चष्म्याच्या काचावाल्या बाईंना बोलवा. त्यांनी भुवया उंचावल्या. मी उठायला लागले, तेव्हा हो म्हणाले.

ती गेल्या सोमवारी आली. माझ्याच वयाची, केस पिकलेली, बोटं अगदी लांब. मी स्वतःची ओळख करून दिली. ती म्हणाली, “पत्रात लिहिलंत ते तोंडाने सांगा.”

मी सांगितलं. तिच्या डोळ्यांत बघून. डाव्याने बघितलं असतं तर चेहरा दिसला नसता, पण मी उजव्याने बघितलं.

तिने ऐकून घेतलं. ‘असू दे’ म्हणाली नाही. गॉगल घातला आणि म्हणाली, “चला, सुरू करा.”

नवा आरसा पावलं टाकत नाही, अलगद वाकतो. दोन दिवस झोत जुळवण्यात गेले. हाताला सगळं आठवत होतं, छकुले. ज्या कार्डावर न दिसणारा झोत पडला की ठिपका चमकतो ते कार्ड धरलं, आणि मी विसरले की मला एकच डोळा आहे. बाईंचा हात वाईट नाही. माझ्यापेक्षा चांगला आहे.

बुधवारी सकाळी रिकामी काच मोजली. सरळ रेघ. मग पापुद्रा लावला. मला खरं तर वाटत होतं की त्यात काहीतरी सापडावं, छोटंसं का होईना. तिला त्याच्या खाली आपलं नाव घालता आलं असतं. स्क्रीनवर टिंब टिंब उमटत गेलं. उशीर अगदी बारीक वाढवत, चारशे टिंबं. सरळ रेघ. लहर नाही, काही नाही.

मी म्हटलं, “वाईट वाटतंय. हाती काहीच लागलं नाही.”

ती स्क्रीनकडे बघत होती. तिने गॉगल काढला नव्हता, त्यामुळे मला उशिरा कळलं की ती रडते आहे.

“काहीच नाही कसं?” ती म्हणाली. “हीच रेघ तीन वर्षं येत होती मला. हीच.” तिने बोट लावून ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. “माझं बरोबर होतं.”

मी तिथून उठून बाहेर गेले. मला थांबवेना.

आता आम्ही लहान निबंध लिहिला आहे. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. तिची जुनी मोजमापंही त्यात आहेत, तिन्ही वर्षांची. मसुद्यात तिने आभारांच्या यादीत तुझं नाव घातलं, चूक स्वतःहून जाहीर केल्याबद्दल. मी ते खोडलं. दुसऱ्या दिवशी तिने परत घातलं. मी परत खोडलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “हे बघा, तुमचं भांडण माझ्या निबंधात नको. एकदा त्याच्यात माझी तीन वर्षं गेली आहेत.”

मी ती ओळ परत घातली.

आज निबंध पाठवला. तुझं नाव त्यात आहे, शेवटच्या ओळीत. चुकीपुरतंच आहे ते. डोळ्याचं त्यात काही नाही. डोळ्याचं वेगळं, ते आपल्या दोघींचं आहे आणि मिटलेलं नाही. मिटवायचं असेल तर आईच्या फोनवर निरोप पाठवू नकोस. ये आणि माझ्यासमोर बस. मी काय काय बोलेन ते सगळं ऐकून घ्यावं लागेल, आणि ते बरंच आहे.

रविवारी मी घरी असते.

ताई